ट्रायकोकार्ड उसात चालतं, मग हरभऱ्यात का नाही?

बांधावरची_बोर

हरभरा दिग्विजय, पेरणी ऑक्टोबरअखेर. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) घाटे अळीचे, म्हणजे हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या अळीचे, पतंग सापडायला लागल्यावर एकरी तीन ट्रायकोकार्डं लावली, आठवड्याने पुन्हा तीन. कार्डं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतली, ट्रायकोग्रामा चिलोनिसची, म्हणजे किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालून ते संपवणाऱ्या बारीक परोपजीवी माशीची; कार्डावर चिकटवलेल्या अंड्यांतून या माश्या निघतात. हरभऱ्याच्या पानाला पट्टी टाचता येत नाही, पान आहेच केवढंसं, म्हणून संध्याकाळी काड्यांना दोऱ्याने बांधली. आधी किंवा नंतर कसलीही फवारणी नाही.

पाचव्या दिवशी शेंड्यांवरची घाटे अळीची अंडी गोळा करून डबीत ठेवली. परोपजीवी शिरलेलं काळं अंडं एकही निघालं नाही, जवळपास सगळ्यांतून अळ्याच बाहेर आल्या. हेच कार्ड उसात खोडकिडीवर व्यवस्थित काम करतं.

कार्ड खराब आहे, डोस कमी पडला, की अडचण हरभऱ्याचीच आहे? ‘आंब (हरभऱ्याच्या पानावरचा आंबट स्राव) मित्रकीटकांनाही मारते’ असं कानावर आलंय. ते खरं असेल तर जास्त आंबेचा वाण घ्यायचा की टाळायचा?

कॉर्सायरा

पिकाला दोष देण्याआधी कार्डाचा निकाल लावून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

लावलेल्या खेपेतली एक पट्टी मागे ठेवलेली असेल तर ती काचेच्या नळीत टाका, तोंडाला मलमल बांधा आणि सावलीत ठेवा. माश्या बाहेर पडून गेल्या की दहा पटीच्या भिंगाखाली कुठलीही 100 काळी अंडी मोजा आणि किती अंड्यांना गोल छिद्र आहे ते लिहून ठेवा. 90 च्या आसपास छिद्रं असतील तर कार्ड उत्तम. 70 च्या खाली असतील तर कार्ड जुनं तरी आहे, नाहीतर फ्रीजमध्ये जास्त दिवस राहिलंय. दुसरी चाचणी जिवंत माश्यांची. त्याच नळीत कॉर्सायराची (कार्डं बनवायला जिची अंडी वापरतात तो धान्यातला पतंग) ताजी 30-40 अंडी टाका. चौथ्या दिवसापर्यंत बहुतेक काळी झाली तर माश्यांत दम आहे.

या दोन्ही चाचण्यांत कार्ड टिकलं तर डोस वाढवण्यात अर्थ नाही. एका कार्डावर साधारण 18 ते 20 हजार अंडी असतात. एकरी तीन कार्डं म्हणजे हेक्टरी दीड लाखाच्या घरात, टोमॅटो-कपाशीला जेवढं सांगतात तेवढंच. हरभऱ्यात तीनची सहा केली तरी शून्याचं शून्यच राहील. कारण दुसरे लिहितील.

मुंग्या मात्र बघा. काडीला बांधलेली पट्टी मुंग्यांना सोपी पडते, रात्रीत साफ करतात. सकाळी पट्टीवर अंड्यांऐवजी नुसता डिंक दिसला तर समजून जा.

आणि अंडी ओळखताना एक गफलत नेहमी होते. घाटे अळीचं अंडं फुटायच्या आदल्या दिवशी आतल्या अळीच्या डोक्यामुळे एका टोकाला काळं दिसतं. परोपजीवीचं अंडं सगळीकडून सारखं काळं असतं, आणि माशी निघून गेल्यावर टरफलही काळंच राहतं. अळी निघालेलं टरफल पांढुरकं, पारदर्शक. तुम्ही डबीत ठेवून अळ्या निघताना पाहिल्यात, त्यामुळे तुमच्या नोंदीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

भिंगवाला

अडचण हरभऱ्याचीच आहे, आणि ती नवी नाही. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत 1990 च्या दशकात नेमक्या याच प्रश्नावर काम झालं: घाटे अळीच्या अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा हरभऱ्यात अपयशी का ठरते? शेतातल्या पाहणीत हरभऱ्यावरच्या अंड्यांत ती जवळजवळ सापडतच नाही. घाटे अळी तीच, अंडी तीच, पण ज्वारीच्या कणसावर असतील तर ट्रायकोग्रामा भरपूर.

सकाळी नऊच्या आत हरभऱ्याचा शेंडा भिंगाखाली धरा. पान, देठ, घाटा सगळीकडे उभी लव दिसेल आणि बऱ्याच केसांच्या टोकाला चकचकीत थेंब. हीच आंब. रात्री पिकावर कापड पसरून सकाळी पिळून घेतात आणि पोटदुखीवर देतात तीच. त्या थेंबात मुख्यतः मॅलिक आम्ल आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. जिभेला लागलं तर चिंचेचं पाणी आठवेल असं आंबट.

आता ट्रायकोग्रामाकडे बघा. लांबी अर्धा मिलिमीटर. ही माशी उडून अंडं शोधत नाही. वाऱ्याबरोबर झाडावर येते आणि पुढचा शोध चालत, मिशांनी पान ठोकत घेते. उसाचं पान तिच्यासाठी डांबरी रस्ता. पात्यावर असा चिकट, आंबट थेंब देणारी लव नाही, आणि खोडकीड अंडी पुंजक्यात घालते, एक सापडलं की शेजारची सगळी सापडतात. हरभऱ्यावर मात्र दर दोन-चार पावलांवर तिच्या डोक्याएवढा थेंब. पाय भिजला की ती थांबून पाय घासते. मिशी भिजली की मिशी साफ करत बसते, आणि मिशीच तिचं नाक. पंख चिकटला तर विषय संपला. जी अडकत नाही ती पान सोडून देते. घाटे अळी अंडी एकेकटी, विखरून घालते, त्यामुळे चाल मंदावली की अंडं सापडायची शक्यता फारच खाली येते. अंडं सापडलंच तरी त्याच्या भोवती तोच आंबट ओलावा.

म्हणजे आंब या माशीला विष पाजून मारते असं म्हणणं अर्धवट आहे. ती मुख्यतः तिला चालू देत नाही. पिकाने हे अळीसाठी केलंय, अळीच्या वैऱ्याला त्याचा फटका बसतो एवढंच.

तुरीतही प्रकार तसाच, फरक अवयवाचा. तुरीच्या पानावर ट्रायकोग्रामा थोडंफार काम करते. फुलाचं निदलपुंज आणि शेंग यांवर मात्र लांब केस आणि चिकट स्राव असतो, आणि घाटे अळी अंडी घालायला नेमकी तीच जागा निवडते. तुरीत कार्डाचा खर्चही बहुतेक वाया जातो.

बांधावरची_बोर

कार्ड तपासलं. 100 पैकी 92 छिद्रं, म्हणजे कार्ड चांगलं होतं.

पण मग दुसरा गोंधळ. त्याच हरभऱ्यात पानांना चिकटलेले राखाडी-पांढरे छोटे कोष दिसतात, वर काळे ठिपके, शेजारी वाळलेल्या अळीचं कातडं. हे कॅम्पोलेटिसचे ना? आंब एका परोपजीवीला चालू देत नाही आणि दुसरा मजेत, असं कसं?

रब्बी_नोंदी

हो, कॅम्पोलेटिस क्लोरिडी. हरभऱ्यातला घाटे अळीचा सगळ्यात मोठा नैसर्गिक शत्रू हाच. पाच-सहा मिलिमीटरची सडपातळ गांधीलमाशी, ट्रायकोग्रामाच्या दसपट लांब. पाय लांब, अंग पानापासून वर उचललेलं. ती पानावर रेंगाळत नाही. अळीची विष्ठा आणि खाल्लेल्या पानाचा वास घेत येते, बसते, अळीला डंख मारून आत एक अंडं सोडते आणि उडते. थेंब तिच्या पायाला लागतात, पण तिच्या आकाराला ते चिखलाच्या शिंतोड्याएवढे.

ती लहान अळ्या निवडते, मुख्यतः दुसऱ्या अवस्थेतल्या आणि तिसऱ्या अवस्थेच्या सुरुवातीच्या. आठवडा-दीड आठवड्यात आतली अळी पोसून बाहेर येते आणि तुम्ही पाहिलेला कोष विणते. थंडी जास्त असेल तर याला आणखी दिवस लागतात. परोपजीवी शिरलेली घाटे अळी मोठी होतच नाही आणि खातेही फार कमी. घाट्याला भोक पाडायच्या वयाला पोचण्याआधीच संपते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा फायदा हा.

मोजायची पद्धत सांगतो, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. शेतात 20 ठिकाणी मीटरभर ओळ झटका आणि एकूण 30-40 लहान अळ्या घ्या, सेंटिमीटरच्या आतल्या. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत ठेवा. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, ही जातच तशी. रोज ताजा शेंडा द्या, जुना काढा, डबीत घाम धरू देऊ नका. दहा-बारा दिवसांनी कोष किती आणि सुदृढ मोठ्या अळ्या किती ते मोजा. मोठ्या, जाड अळ्या गोळा करून आणल्या तर टक्केवारी शून्य येईल आणि तुम्ही म्हणाल मित्रकीटक नाहीच. अहो, ज्यांच्यात होता त्या त्या वयाला पोचल्याच नाहीत.

याची उलट चूकही होते. परोपजीवी शिरलेल्या अळ्या जास्त दिवस लहानच राहतात, त्यामुळे लहान अळ्यांच्या नमुन्यात त्यांचं प्रमाण थोडं फुगतं. एका नमुन्यात 40 टक्के आलं म्हणून उड्या मारू नका. आठवड्याने दुसरा नमुना घ्या.

पानोपान

वर ‘चालू देत नाही’ हा एक मार्ग आला. पिकाची रसायनं परोपजीवीपर्यंत पोचायचा दुसरा मार्ग अळीच्या पोटातून जातो, आणि तो जास्त फसवा आहे, कारण शेतात उभं राहून तो दिसत नाही.

अभिजात उदाहरण टोमॅटोचं. टोमॅटोच्या पानात आणि हिरव्या फळात अल्फा-टोमॅटीन नावाचं कडू द्रव्य असतं. फळ पिकलं की ते कमी होत जातं. 1979 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे कॅम्पबेल आणि डफी यांनी आपल्या घाटे अळीच्या अमेरिकन बहिणीला (हेलिकोव्हर्पा झिया) टोमॅटीन घातलेलं खाद्य दिलं आणि तिच्या अंगात हायपोसोटर एक्झिग्वी नावाची परोपजीवी गांधीलमाशी वाढवली. अळीने टोमॅटीन खाल्लं आणि भोगलं माशीने. तिची अळीअवस्था लांबली, कोषातून बाहेर पडणाऱ्या माश्या घटल्या, ज्या निघाल्या त्या आकाराने लहान आणि कमी जगणाऱ्या.

कारण रसायनशास्त्रात आहे. टोमॅटीन कोलेस्टेरॉलसारख्या स्टेरॉलला घट्ट चिकटतं. कीटकांना स्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही. अळी ते पानातून घेते आणि परोपजीवी अळीच्या अंगातून. याच दोघांनी पुढे अळीच्या खाद्यात स्टेरॉल वाढवून पाहिलं तेव्हा माशीवरचा विषारी परिणाम कमी झाला. म्हणजे टोमॅटीन किती, एवढाच प्रश्न नाही. टोमॅटीन आणि स्टेरॉल यांचं एकमेकांशी प्रमाण काय, हा खरा प्रश्न.

तंबाखूतलं निकोटीनही असंच वागतं, पण तिथे अळी कोण आणि माशी कोण यावर बरंच ठरतं. तंबाखूवरच वाढणारी मॅंडुका अळी निकोटीन भराभर बाहेर टाकते आणि तिच्यावरची कोटेसिया कॉंग्रिगाटा ते बऱ्यापैकी सोसते. अनेक पिकं खाणाऱ्या लष्करी अळीला निकोटीन दिलं तर तिच्यावरच्या हायपोसोटर ॲन्युलिपेसला जास्त मार बसतो. ज्या माशीचं पिढ्यानपिढ्या त्या रसायनाशी नातं नाही, तिचं सहसा जास्त नुकसान होतं.

तिसरा मार्ग आकाराचा. पिकाच्या रसायनाने अळी मेली नाही, पण खुरटली, तर आत वाढणारी माशीही खुरटते. लहान माशीच्या पोटात अंडी कमी. त्यात गांधीलमाश्यांत फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर होतो, म्हणजे नर की मादी हे आईच्या हातात असतं. अळी लहान दिसली की बऱ्याच जातींच्या माद्या नराचं अंडं घालतात. पुढच्या पिढीत माद्या घटल्या की शेतातला परोपजीवीचा जोर ओसरतो, आणि हे समजायला महिना जातो.

आंबटचुका

आता वाणाचा प्रश्न, कारण मूळ प्रश्नात तो आहे आणि सगळे त्याला बगल देतायत.

आंब म्हणजे एकच आम्ल नव्हे. अळीची वाढ रोखण्यात ऑक्झॅलिक आम्लाचा हात असल्याचं इक्रिसॅटच्याच 1995 च्या कामात दिसलं, मॅलिकचा तसा परिणाम दिसला नाही. त्यामुळे ‘जिभेला जास्त आंबट तो वाण जास्त प्रतिकारक’ ही बांधावरची परीक्षा फसवी आहे.

ऑक्झॅलिकमुळे अळी हळू वाढली तर कॅम्पोलेटिसचं काय? दोन गोष्टी एकदम होतात. अळी जास्त दिवस लहान राहते, म्हणजे माशीला ती गाठायला जास्त दिवस मिळतात. हा फायदा. पण अळी किरकोळ राहिली तर तिच्यातून निघणारी माशीही किरकोळ, आणि कधी अळी माशीला बाहेर पडू देण्याआधीच मरते. हा तोटा. कुठली बाजू जड होईल ते वाण, तापमान आणि अळीच्या वयावर बदलतं.

माझं मत स्पष्ट आहे: वाण मर रोगाला किती टिकतो, पाण्याला कसा प्रतिसाद देतो आणि बाजारात दाणा कसा जातो यावर निवडा. विजय, दिग्विजय, जाकी 9218 यांची निवड आंब चाखून करायची गरज नाही. आणि मित्रकीटकांच्या काळजीपोटी प्रतिकारक वाण टाळणं हा तर उलटा न्याय झाला. अळ्याच कमी जगल्या तर परोपजीवी कमी दिसणारच, त्यात रडण्यासारखं काय?

पानोपान

@आंबटचुका, शेवटच्या वाक्याशी सहमत, पण एक पुरवणी. प्रतिकारक वाण आणि परोपजीवी यांची बेरीज होईलच असं धरून चालू नये, एवढाच त्या जुन्या टोमॅटो-कामाचा मुद्दा होता. वाणाने 50 टक्के अळ्या कमी केल्या आणि माशीने उरलेल्यांतल्या 40 टक्के, असा गुणाकार कागदावर छान दिसतो. वाणामुळे माशीचे 40 टक्के 15 वर आले तर हिशेब बदलतो. (आकडे केवळ समजण्यासाठी.) प्रतिकारक वाण तपासताना नुसत्या अळ्या मोजू नयेत, कोषही मोजावेत.

टोमॅटोच्या रानटी नातलगात तर हे फार टोकाला गेलेलं आहे. सोलॅनम हॅब्रोकायटिस या केसाळ जातीच्या ग्रंथींत 2-ट्रायडेकॅनोन असतं. ते अळ्या मारतं, आणि त्याच केसांवर परोपजीवीही मरतात, अडकतात. ते गुण लागवडीच्या टोमॅटोत आणायचे तर मित्रकीटकांचं काय होईल ते आधी बघावं लागतं.

कॉर्सायरा

तत्त्वज्ञान पुरे, पुढच्या रब्बीत काय करायचं ते लिहितो.

हरभऱ्यात ट्रायकोकार्डावर पैसे घालू नका. शेजारी टोमॅटो, मका, ज्वारी किंवा ऊस असेल तर कार्डं तिथे लावा. हरभरा पेरताना बियाण्यात हेक्टरी 200 ग्रॅम ज्वारी मिसळायची पद्धत आहेच, पक्ष्यांना बसायला. तिचा दुसरा उपयोग असा की ज्वारीवर घातलेल्या अंड्यांना ट्रायकोग्रामा गाठू शकते. फार मोठा परिणाम धरू नका, पण फुकटचं आहे.

कॅम्पोलेटिसला खाऊ घाला. प्रौढ माशीला मध लागतो आणि हरभऱ्याचं फूल बंद, तिच्या तोंडाला न पुरणारं. धने, बडीशेप यांची छत्रीसारखी फुलं उथळ, मध उघड्यावर. धने बांधाच्या कडेने आणि मधे मधे एखाद्या ओळीत घ्या. गोची वेळेची आहे. धने फुलायला साधारण दीड महिना लागतो आणि घाटे अळीची पहिली अंडी हरभरा महिन्याचा व्हायच्या आत दिसतात. म्हणून धने हरभऱ्याच्या दहा-पंधरा दिवस आधी टाका, निदान बरोबर तरी. कोथिंबीर म्हणून उपटून विकली तर या कामासाठी काही उरत नाही. ती ओळ फुलू द्या.

फवारणीआधी मोजा. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या, किंवा सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ-दहा पतंग, हा उंबरठा. पण त्यात @रब्बी_नोंदींनी सांगितलेली डबी जोडा. 30 पैकी 12 अळ्यांत परोपजीवी असेल तर उंबरठा गाठला असला तरी चार दिवस थांबायला हरकत नाही. 30 पैकी दोनच असतील तर थांबू नका.

पहिली फवारणी निंबोळी अर्क 5 टक्के (100 लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी पावडरीचा अर्क) किंवा एचएएनपीव्ही (घाटे अळीला रोग लावून मारणारा विषाणू) हेक्टरी 500 एलई (विषाणूच्या मात्रेचं माप), 500 लिटर पाण्यात, 200 ग्रॅम नीळ घालून, उन्हं उतरल्यावर. कडुनिंब हेसुद्धा झाडाचं संरक्षण-रसायनच आहे, हे विसरतो आपण. अर्कापेक्षा तेल अंड्यावरच्या परोपजीवींना जास्त अडतं, कारण तेलाचा थर अंड्यावर बसतो. कार्ड लावलेल्या पिकात निंबोळी तेल आणि कार्ड यांत आठवड्याचं अंतर ठेवा.

भिंगवाला

एचएएनपीव्हीबद्दल एक अडचण जोडतो, विषयाला धरूनच आहे. हरभऱ्याच्या पानावर काही आयसोफ्लेव्होनॉइड द्रव्यं असतात, ती या विषाणूला निष्प्रभ करतात. त्यामुळे तोच विषाणू टोमॅटोवर जेवढा चालतो तेवढा हरभऱ्यावर चालत नाही. पिकाचं संरक्षण इथेही आपल्याच मदतनीसाच्या आड आलं. उपाय म्हणजे डोस पूर्ण ठेवा, अळ्या अगदी लहान असतानाच मारा आणि सकाळी फवारू नका. नीळ उन्हापासून वाचवते, पानापासून नाही.

विषाणू आणि कॅम्पोलेटिस एकाच अळीत आले तर विषाणू जिंकतो. अळी आधी सडली की आतली माशीही जाते. शेतात कोष दिसू लागलेत, डब्यांत टक्केवारी चांगली येतेय, तर फवारणी एक आठवडा पुढे ढकला. तेवढ्यात आतल्या अळ्या कोषात जातात आणि कोषाला विषाणूची बाधा नाही.

रब्बी_नोंदी

रासायनिक फवारणी अटळ झालीच तर औषध निवडताना तरी माश्यांचा विचार करा. क्लोरअँट्रानिलिप्रोल 18.5 एससी (10 लिटरला अडीच मिली) गांधीलमाश्यांना तुलनेने सौम्य. सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं तर कोषांतून निघणाऱ्या माश्या पानावर बसल्या बसल्या जातात आणि पुढची अळ्यांची पिढी मोकाट. लेबलवर पीक आणि काढणीपूर्व दिवस बघूनच वापरा.

ठिबक_ते_टोप

टोमॅटोवाल्यांसाठी थोडं. वर टोमॅटीन वाचून कुणी टोमॅटोतली कार्डं बंद करू नका. टोमॅटीन पोटातून जातं, ते अळीच्या अंगात वाढणाऱ्या माशीला नडतं. ट्रायकोग्रामा अंड्यात वाढते, अळी पान खायच्या आधीच तिचं काम झालेलं असतं. टोमॅटोत तिला अडवतात ते केस.

त्यामुळे जागा नीट निवडा. घाटे अळी टोमॅटोत अंडी बहुतेक वरच्या, फुलोऱ्याजवळच्या पानांवर घालते, आणि केस सर्वांत दाट असतात ते कोवळ्या देठावर. पट्टी देठाला गुंडाळू नका. वरून तिसऱ्या-चौथ्या पानाच्या खालच्या बाजूला, अंड्यांची बाजू पानाकडे ठेवून टाचा. म्हणजे माशी निघाली की थेट पानाच्या पात्यावर येते, देठाच्या केसांतून वाट काढावी लागत नाही. एका कार्डाच्या दहा-बारा पट्ट्या करून शेतभर वाटा. ती फार लांब जात नाही, एका कोपऱ्यात सगळं कार्ड लावलं तर दुसऱ्या कोपऱ्यात काहीच पोचत नाही. टोमॅटोसाठी ट्रायकोग्रामा प्रेटिओसम मिळत असेल तर ती मागा. चिलोनिसपेक्षा टोमॅटोवर तिची निवड जास्त केली जाते.

पॉलीहाउसमध्ये काकडी असेल तर हाच धडा पांढऱ्या माशीवरच्या एनकार्सिया या परोपजीवी माशीला लागू. केसाळ काकडीच्या पानावर ती मंद चालते, शिवाय केसांवर साठलेला मधाळ स्राव तिच्या अंगाला लागतो. म्हणून डच पैदासकारांनी कमी केसांच्या काकडीवर काम केलं होतं. आपल्याकडे अशा वाणाच्या भरवशावर बसू नका. पांढरी माशी कमी असतानाच एनकार्सिया सोडा, स्राव साठायच्या आत.

बांधावरची_बोर

सगळ्यांचे आभार, पुढच्या वर्षी कार्डं टोमॅटोतच लावतो. शेवटची एक शंका. हरभरा तुषारवर आहे अशा शेजाऱ्याचं म्हणणं, तुषार चालवून आंब धुऊन टाकायची आणि दुसऱ्या दिवशी ट्रायकोकार्ड लावायचं. जमेल का?

भिंगवाला

नाही. धुतली जाते हे खरं, पावसानेही जाते. पण केस तिथेच असतात आणि ग्रंथी पुन्हा स्रवायला लागतात. ट्रायकोग्रामाला चार-पाच दिवस सलग कोरडं, मोकळं पान लागतं, ते मिळत नाही. उलट ओल्या पानांवर तिचे पंख पाण्याला चिकटतात आणि मधल्या काळात पिकाने स्वतःसाठी केलेलं आंबेचं संरक्षणही गेलेलं असतं. तुषार पाण्यासाठी चालवा. फुलोऱ्यात तर उगाच चालवूच नका, फुलं गळतात.

कॉर्सायरा

आणि कार्ड भिजलं तर डिंक सुटून अंडी जमिनीवर. शेजाऱ्याला सांगा, तीच कार्डं बांधावरच्या मक्याला लावा.